बारा पट्ट्यांचे आकडे

मी अहवाल लिहितो. शेतीच्या संस्थेत नोकरी आहे असं सांगितलं की माणसं माझ्या बुटांकडे बघतात, चिखल लागलाय का म्हणून. बुटांना चिखल वर्षातून चार-पाच वेळा लागतो. बाकीचे दिवस मी बोईसरला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून, दुसऱ्यांच्या पायांना लागलेल्या चिखलाबद्दल लिहितो. चांगलं लिहितो. त्याच जोरावर आमच्या संस्थेची दोन-तीन वर्षं निघतात, मग पुन्हा नवा प्रस्ताव.

आम्ही मूळचे घाटावरचे. वडील तारापूरच्या वीजकेंद्रात लागले आणि माझं लहानपण कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये गेलं. ते निवृत्त झाल्यावर आम्ही सरावलीत जागा घेतली. या भागातल्या हवेला कारखान्यांचा एक वास असतो. पाहुणे आले की पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावतात आणि विचारतात, तुम्हाला येत नाही का हो वास? खरंच येत नाही. ज्या वर्षाबद्दल मी लिहितो आहे, त्या वर्षी माझं सगळंच तसं झालं होतं. कशाचा आनंद नाही, कशाचा राग नाही. कारण शोधायला गेलो तर एकही धड सापडत नाही. घरी सगळे धडधाकट होते, पगार वेळेवर होत होता. सकाळी शिफ्टच्या बसगाड्यांच्या हॉर्नने उठायचो, ऑफिसला जायचो, लिहायचो, घरी येऊन जेवायचो. बायको म्हणायची, तुम्ही ऐकता आहात ना? मी हो म्हणायचो.

त्या वेळी आमच्याकडे मुंबईच्या एका देणगीदार संस्थेचं अनुदान होतं. शाश्वत शेतीतलं संशोधन आणि शिक्षण, असं त्याचं भारदस्त नाव. त्यातलं संशोधन म्हणजे आत डोंगरातल्या एका पाड्यावर नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, बारा गावठी जाती शेजारी शेजारी लावायच्या आणि उतारावर कोणती सगळ्यात चांगली पिकते ते बघायचं. शिक्षण म्हणजे जी पहिली येईल तिचं बी आसपासच्या पाड्यांतल्या बायांना वाटायचं, पुस्तिका छापायची, शेतशाळा भरवायची. दोन वर्षं संशोधन, तिसऱ्या वर्षी शिक्षण. दुसऱ्या वर्षाचे आकडे पोचले की तिसऱ्या वर्षाचं अनुदान सुटणार होतं. आकडे नाहीत तर अनुदान नाही, इतका साधा मामला होता.

शेत मावशींचं होतं. मावशी म्हणजे माझ्या नात्यातल्या नव्हेत, पाड्यावरच्या. साठीच्या आसपासच्या, अंगाने काटक. नवरा गेलेला, घरात एक मुलगा आणि सून. दिवाळी झाली की मुलगा-सून वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची, तोवर मावशी घर सांभाळायच्या. शेत म्हणजे मुरमाड उताराचा एक तुकडा. त्याचे बारा पट्टे पाडून बारा जातींची नागली लावायची, म्हणजे घरचं वर्षाचं पीक परक्याच्या हाती द्यायचं. पाड्यावर कोणी तयार होईना. मावशी झाल्या, आणि का झाल्या ते त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं.

"आमची काळपेरी चांगली हाय, हे मी किती वर्सं सांगते. पण आमी सांगितलं तं कोण आयकतं? बियाणंवाला येतो, पाकीट देतो, त्याचं आयकतात. माजी सून पन बोलते, आये, ते काळं बी सोड आता. तुमच्या कागदावर येऊं दे, भाऊ. कागदावर आलं का समदी आयकतील."

काळपेरी म्हणजे पेरांवर काळसर झाक असलेली नागली. मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा आईने फडक्यात बांधून दिलेलं बी. तेव्हापासून दर वर्षी पेरायचं आणि दर वर्षी चांगली कणसं बाजूला काढून पुढच्या वर्षाला ठेवायची. आमच्या बारा जातींतली अकरा आम्ही ठिकठिकाणहून गोळा केली होती, बारावी ही. त्या बाईला अनुदानाशी काही देणंघेणं नव्हतं. आपल्या आईचं बी कागदावर यावं, एवढंच हवं होतं.

पहिल्या वर्षी कापणीच्या दिवशी मी स्वतः हजर होतो. एकेक पट्टा कापला की तिथंच, शेतातच, हुकाच्या काट्याला गाठोडं लावून कणसांचं वजन घेतलं. ढवळपेरी नावाची जात पहिली आली. काळपेरी सातवी. मावशींनी पदर खोचला आणि मला शेताच्या खालच्या टोकाला घेऊन गेल्या.

"ढवळपेरीचा पट्टा कुटं व्हता? हितं खाली. वरची माती वाहून समदी हितं बसते. हितं तुमी दगड पेरला तरी पिकंल."

त्यांचं खरं होतं. आमच्या संचालकांना, म्हणजे शेतकी शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, बघ, हेच लोकांचं ज्ञान, दुसऱ्या वर्षी पट्ट्यांचा क्रम उलटा करा. त्याप्रमाणे ढवळपेरी वर गेली, काळपेरी मधल्या उतारावर आली. सगळा निकाल आता दुसऱ्या वर्षावर होता आणि हे मावशींना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. पावसाळाभर त्या रोज त्या शेतात होत्या. मी तीनदा गेलो, फोटो काढायला.

दुसऱ्या वर्षी कापणीची तारीख ठरली होती. तिच्या आठ दिवस आधी वादळी पावसाचा इशारा आला. मावशींनी शेजारणीच्या मोबाइलवरून मला फोन केला. मी त्या दिवशी पालघरला एका हॉटेलच्या सभागृहात होतो. देणगीदारांनी जिल्ह्यातल्या संस्थांची बैठक बोलावली होती, आणि मी पडद्यावर चित्रं दाखवत, आदिवासी शेतकऱ्यांच्या ज्ञानाचा आदर कसा राखावा, यावर बोलत होतो. फोनचा आवाज बंद होता. तीन मिस्ड कॉल दिसले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. मी आधी जेवून घेतलं, मग फोन लावला. तो लागला नाही.

तिसऱ्या दिवशी पाड्यावर पोचलो. शेत मोकळं झालेलं, पट्ट्यांच्या खुंट्या तेवढ्या उभ्या. घरामागच्या खळ्यावर, सारवलेल्या जागेत मधोमध, कणसांची एकच रास होती. तिच्यावर कुंकू, झेंडूची फुलं, बाजूला फोडलेल्या नारळाची करवंटी.

मावशी खुशीत होत्या. "पावसाआदी समदं आणलं, भाऊ. एक कणीस भिजलं नाय."

"बारा पट्ट्यांचं वेगवेगळं ठेवलं होतं ना?"

"कापलं वेगळं, आणलं वेगळं. बारा गाठोडी. मंग रास घातली. कणसरी पुजायची व्हती ना."

कणसरी म्हणजे धान्याची देवी. नवं पीक खळ्यावर आलं की त्याची रास घालून तिची पूजा करायची, त्याशिवाय दाणा तोंडात घालायचा नाही. हे मला ठाऊक होतं. पहिल्या अहवालात मी त्यावर एक झकास परिच्छेदही लिहिला होता, देणगीदारांना फार आवडला होता. पण पहिल्या वर्षी वजनं शेतातच झाली, रास नंतर घातली गेली, आणि ती रास एकच असते हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

"मावशी, बारा राशी घालायच्या होत्या," मी म्हणालो.

एखाद्या खुळ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बारा राशी घातल्या तं देवी बसंल कुटं? एका घराची एकच रास असते."

 दुसरा कोणी असता तर चिडला असता, निदान डोक्याला हात लावून खाली बसला असता. मी राशीचा फोटो काढला. फोटो चांगला आला. मला आठवतंय, मनात पहिला विचार आला तो परतीच्या जीपचा.

माझ्या तोंडाकडे बघून मावशींना हळूहळू उमगलं. खुशी उतरली. त्या राशीपाशी उकिडव्या बसल्या, चार कणसं उचलली, दोन डाव्या हातात ठेवली, दोन उजव्या. "मी निवडून देते," त्या म्हणाल्या. "कणसाची मूठ वळली का सुटी हाय, दांडा काळा का पांढरा, दाणा चावून बगितला का कळतं. झोडणार नाय मी. तुमी या वजनाला."

मी त्या राशीकडे बघितलं. हजारो कणसं, मला सगळी सारखीच दिसत होती. कोणाला तरी बरं वाटावं म्हणून म्हणतात तसं मी बरं म्हटलं.

"कवा येता?"

"येतो ना. आठ-पंधरा दिवसांत."

गेलो नाही. जायचं नाही असं ठरवलं होतं असंही नाही. दिवाळी आली, मग ऑफिसातलं दुसरं काम आलं, मग सरांनी विचारलं, "नागलीचे आकडे आले ना?" मी म्हटलं, आले. हे मी इतक्या सहज म्हटलं की सरांनी मानही वर केली नाही. ते तसे भले गृहस्थ आहेत, विश्वास टाकतात.

आकडे मी घरी बसून तयार केले, एका रविवारी दुपारी. खोटे आकडे बनवणं वाटतं तितकं सोपं नसतं. गोल आकडा संशय आणतो. सगळ्या जाती सारख्याच वाढल्या तरी संशय येतो. मी पहिल्या वर्षाचा तक्ता समोर घेतला आणि प्रत्येक वजन थोडं खाली-वर केलं, वादळामुळे सगळंच जरा कमी भरलं असं दाखवलं. क्रम बहुतेक तोच ठेवला. पहिल्या वर्षाशी जुळलं की तपासणारे खूश असतात. ढवळपेरी पहिली. काळपेरीला मात्र सातव्यावरून पाचव्यावर आणलं. मावशींसाठी एवढं करावं, असं मला वाटलं. हे मी खरंच मनात म्हणालो होतो, आणि वर स्वतःला भलाही समजलो होतो. बायकोने चहा आणून ठेवला, विचारलं, काम फार आहे का? मी म्हटलं, संपलं.

पौषात पत्र आलं. तिसऱ्या वर्षाचं अनुदान मंजूर. दोन्ही वर्षांच्या निष्कर्षांतल्या सातत्याबद्दल खास कौतुक केलं होतं. सरांनी ऑफिसात पेढे वाटले. शेतशाळेवर शिकवायला मावशींना नेमायचं ठरलं, ती बातमी त्यांना देण्याचं काम माझ्याकडे आलं.

पालघरहून एसटी, मग जीप, मग पाऊण तास पायी. पाडा निम्मा रिकामा होता, भट्टीवर गेलेली घरं बाहेरून दोरी बांधून बंद. मावशी दारातच भेटल्या.

"आलात?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं आजारी पडलात का काय."

आत गेलो. चुलीच्या धुरात आढ्याला बारा गाठोडी टांगलेली होती. जुन्या लुगड्याच्या फडक्यांची, ओळीने, उंदरांपासून लांब. मी वर बघत उभा राहिलो. मावशींनी काठीने एकेकाला स्पर्श करत नावं सांगितली. ढवळपेरी. पितरबेकरी. दसरबेंद्री. अशी बारा. दिवाळीच्या आधीपासून बसल्या होत्या निवडायला. सूर्य उगवला की खळ्यावर, मावळला की आत. कणीस उचलायचं, बघायचं, शंका आली तर एक दाणा चावायचा. महिन्याच्या वर लागला.

"ह्या दोन गाठोड्यांचा मला भरवसा नाय," त्या म्हणाल्या. "दोगी बैनी बैनीसारख्या दिसतात. बाकी दहा पक्की."

"आणि तुम्ही खाल्लं काय इतके दिवस?"

"रेशनचा तांदूळ हाय ना. वजन नाय घेतलं तं नागली कशी खायची? बारा भाग पुरे पायजेत तुमाला." मग जरा थांबून म्हणाल्या, "पोरगा-सून भट्टीवर गेली. दर साली नागलीचं पीठ बांदून देते. सून लय बोलली मला. बोलू दे."

माझ्या खिशात मंजुरीच्या पत्राची प्रत होती. ते काढून, आकडे कधीच गेले, असं सांगायला दहा शब्द पुरले असते. मी म्हटलं, "काटा आहे ना तुमच्याकडे?" गेल्या वर्षीचा हुकाचा काटा कोपऱ्यात होता. आम्ही गाठोडी एकेक करून उतरवली, वजन घेतलं आणि मी वहीत लिहीत गेलो. मावशी काट्याकडे नाही, माझ्या लिहिणाऱ्या हाताकडे बघत होत्या. काळपेरी सगळ्यात जड निघाली. थोडीथोडकी नव्हे, दुसऱ्या नंबरापेक्षा चांगलीच पुढे. ढवळपेरी वरच्या मुरमावर पार मागे पडली होती.

मावशींनी टाळी वाजवली. साठीची बाई, लहान पोरीसारखी टाळी वाजवून हसली. "मी बोलले व्हते ना! बोलले व्हते का नाय?"

"बोलला होतात."

"आता येईल ना कागदावर?"

"येईल," मी म्हणालो.

मग मी अनुदान मंजूर झाल्याची आणि शेतशाळेची बातमी सांगितली. त्यांना आनंद झाला, पण एक शंकाही आली. "वजन आज घेतलं. मंग अनुदान आदीच कसं पास झालं?" ते वेगळं असतं, मी म्हणालो. ऑफिसच्या गोष्टी वेगळ्या असतात हे त्यांना पटलं, कारण आमच्यासारखी माणसं त्यांना आयुष्यभर हेच सांगत आली होती. परत येताना मला वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटायला हवं, हे मला कळत होतं. वाटलं काहीच नाही, फक्त जीपमध्ये बसल्यावर हात थंड पडले होते ते चोळत बसलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सरांना पत्र लिहायला घेतलं. आकड्यांमध्ये चूक झाली आहे, एवढी ओळ लिहिली. चूक म्हटलं की कोणती चूक हे येणार, कशी झाली हे येणार. ती ओळ पुसली. वहीतलं पान वहीतच राहिलं. ढवळपेरीचं बी दुसऱ्या गावांतून मागवलं गेलं. पुस्तिकेचा मजकूर मीच लिहिला, भाषा सोपी ठेवली, चित्रं मोठी घातली.

शेतशाळा वैशाखात भरली, पाड्यावरच्या शाळेच्या व्हरांड्यात. चार पाड्यांच्या बाया आल्या होत्या. मावशी नवं लुगडं नेसून पुढे उभ्या होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून असं ठरलं होतं की मी पुस्तिकेचं पान वाचायचं आणि त्यांनी समजावून सांगायचं. त्यांनी येताना काळपेरीचं गाठोडं बरोबर आणलं होतं. बायांना मूठ-मूठ द्यायला.

मी पहिलं पान वाचलं. उतारावरच्या जमिनीसाठी सर्वोत्तम जात, ढवळपेरी. मग क्रमाने बाकीच्या. पाचव्या क्रमांकावर काळपेरी.

मावशींना वाटलं मी चुकून वाचलं. "परत वाचा, भाऊ."

मी परत वाचलं.

"आपण वजन घेतलं तवा काळपेरी जड व्हती ना?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. भांडायला नाही, नीट आठवावं म्हणून विचारावं तसं.

व्हरांड्यात पंचवीस-तीस बाया माझ्याकडे बघत होत्या. मागे भिंतीशी सर बसले होते, देणगीदारांकडून आलेल्या एक बाईही होत्या. मी म्हणालो, "निवडताना थोडी सरमिसळ झाली असेल, मावशी. रास एकच घातली होती ना."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. ते कसं आलं ते मला माहीत नाही. आलं, आणि फार शहाण्यासारखं वाटलं. सरांनी मान हलवली.  मावशींनी आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले. मग बायांकडे वळल्या.

"माजाच हात चुकला असंल," त्या म्हणाल्या. "रास मी एक केली, निवडली पन मीच. कागदावर चुकत नाय. ढवळपेरी लावा समद्यांनी. मी सांगते, लावा." पुढचा तासभर त्यांनी ढवळपेरीची रोपं किती दिवसांनी उपटायची, किती अंतर ठेवायचं, सगळं मनापासून शिकवलं. बाया त्यांचं ऐकत होत्या. कागदावर आलं की सगळी ऐकतील, हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. गाठोडं न सोडता त्यांनी परत घरी नेलं. मी हजेरीच्या कागदावर सगळ्यांचे अंगठे आणि सह्या घेतल्या.

मृगात रोपवाटिकांचे फोटो हवे होते म्हणून पुन्हा पाड्यावर गेलो. चारही पाड्यांवर ढवळपेरीची रोपं बोटभर आली होती, हिरवीगार. फोटो छान निघाले. दुपारी मावशींनी जेवायला थांबवलं. मुलगा-सून भट्टीवरून परत आली होती, शेतात गेली होती. मावशींनी नागलीची भाकरी केली, सुक्या बोंबलाची चटणी, कांदा. भाकरी गोड होती. मी दुसरी मागून घेतली आणि बोलायचं म्हणून विचारलं, "तुमच्या काळपेरीचं रोप दिसलं नाही कुठं?"

"ती कशी पेरणार? बी भेसळ झालं ना. माजा हात चुकला मंजे त्या गाठोड्यात काय काय मिसळलं, कोणाला ठावं? भेसळीचं बी पेरत नाय आमी. पुढल्या समद्या पिकाची माती व्हते." त्यांनी परातीकडे बोट केलं. "दळलं. तीच भाकरी हाय ही. आज संपली."

"दुसरं ठेवलं नव्हतं?"

"त्या शेताचंच तेवढं व्हतं. दुसरं शेत कुटं हाय मला?"

घास तोंडात होता. तो मी गिळला. आणि तेव्हा, जवळजवळ वर्षभराने, मला काहीतरी वाटलं. मी ताट बाजूला सारलं.

"मावशी, तुमचा हात चुकला नव्हता," मी म्हणालो. "तुमचं निवडणं बरोबर होतं. काळपेरीच पहिली होती. पुस्तिकेतले आकडे मी घरी बसून लिहिले होते. तुमच्याकडे वजनाला यायच्या आधीच."

त्या तव्यावरची भाकरी उलटत होत्या. ती उलटली, शेकली, खाली काढली.

"समदे आकडे?"

"सगळे."

"मंग ढवळपेरी?"

"उतारावर ती मागेच राहील. तुम्ही म्हणाला होतात तसंच."

मला वाटलं आता त्या आईच्या बियाबद्दल काही बोलतील. मी त्यासाठी तयार होऊन बसलो होतो, शिव्या खायलासुद्धा. त्या उठल्या, दारात गेल्या, आणि समोरच्या उतारावर दिसणाऱ्या शेजारणींच्या रोपांकडे बघत राहिल्या.

"त्या बायांनी माजं आयकून पेरलंय," त्या म्हणाल्या. "दिवाळीला कणसं हलकी निघाली का त्या माज्या दारात येतील. मला इचारतील. तुमाला कोण इचारणार, भाऊ?"

पुढच्या कार्तिकात त्या बाया खरोखरच मावशींच्या दारात गेल्या, असं मला नंतर कळलं. त्या वर्षीचा अहवालही मीच लिहिला. मला अजून कोणी काही विचारलेलं नाही.